मंगळावरच्या असुराचं शेपूट

राक्षस खोटा असल्याने समाजाचं काहीही बिघडत नाही. तो कशाचा केला आहे, यावर मात्र समाजाचं स्वास्थ्य अवलंबून असतं. हे तत्त्व कुंभकोणम् इथे सिद्ध झालं आणि ते सिद्ध करणाऱ्या समितीचा मी, लक्ष्मीनारायण, चिटणीस होतो. समितीचं पूर्ण नाव ‘अंतराळपटांतील राक्षसांच्या खरेपणाबाबत निर्णय समिती’. सभासद चार. त्यातले दोन कधी येत नसत आणि तिसऱ्याला ऐकू येत नसे, त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर होत.

आम्ही तंजावरकडचे मराठी लोक. आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले. राजे गेले, आम्ही राहिलो. बाहेर तमिळ बोलतो आणि घरात जे मराठी बोलतो ते ऐकून पुण्याचे पाहुणे हात जोडून बसतात, त्यांना वाटतं पोथी चालू आहे. म्हणून हा वृत्तांत मी नव्या मराठीत लिहीत आहे. गैरसमजाने कुणी प्रसादासाठी थांबू नये.

ऐंशीच्या दशकात आमच्या थेटरात परदेशी अंतराळपट यायचे. त्यातला राक्षस रबरी असे आणि वळला की पाठीवरची चेन दिसे. त्या चेनने प्रेक्षकांना फार दिलासा मिळायचा. जग बुडालं तरी जेवणाच्या सुट्टीत हा माणूस त्यातून बाहेर येणार आणि हात धुऊन पानावर बसणार, एवढी खात्री होती. आजकाल अशी खात्री सरकारही देत नाही.

हे चित्रपट पाहून पाहून पितळी भांड्यांचे व्यापारी सुंदरराव यांनी १९९२ साली स्वतःच एक चित्रपट काढायला घेतला. नाव ‘सेव्वाय असुरन’, म्हणजे मंगळावरचा असुर. (कथा : असुर मंगळावरून येतो, कुंभकोणमच्या तळ्यात उतरतो, पाणी पाहून परत जायला निघतो, पण मध्ये नायिका दिसते.) असुराचा सांगाडा व्यंकोबांनी बांधला. व्यंकोबा लग्नाचे मांडव घालत आणि देवाची वाहनं दुरुस्त करत. बांबू, काथ्या, गोणपाट, वरून हिरवा रंग. डोळ्यांच्या जागी सुंदररावांच्याच दुकानातल्या कॉफीच्या दोन पितळी वाट्या. नाकातून धूर निघावा म्हणून आत धुपाटणं बसवलं होतं. परिणामी असुर जिथे जाई तिथे मंगल वास सुटे आणि बायका पदर सावरून नमस्कार करत. क्रूर दिसणारा असुर म्हणून तो पंचाहत्तर टक्के नापास होता. देव म्हणून पैकीच्या पैकी.

या असुराच्या आत सेतू असे. सेतू लग्नघरचा आचारी. चुलीपुढे जन्म काढल्यामुळे आतल्या उकाड्यात तो टिकेल, असा व्यंकोबांचा हिशेब होता.

आता मुद्द्याची गोष्ट. सेतूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी तिरुविडैमरुदूरची, नाव अलमेलु, वडील कृष्णस्वामी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. अलमेलूला कडक मंगळ होता. अशा मुलीला मंगळाचाच नवरा लागतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. सेतूच्या पत्रिकेत मंगळ औषधालाही नव्हता. पण आमचे ज्योतिषी वैद्यनाथ शास्त्री हे पुरोगामी विचारांचे. त्यांनी निकाल दिला, की ज्याच्या पत्रिकेत मंगळ आहे त्याच्यापेक्षा जो स्वतः मंगळावरून येणार आहे त्याचा मंगळ केव्हाही बळकट. कृष्णस्वामींनी हिरवा कंदील दाखवला. अलमेलूने तर सेतूच्या हातचं रसम एका लग्नात चाखल्यापासूनच मनाने होकार दिला होता.

आणि १९९४ साली तो डायनोसॉरवाला परदेशी चित्रपट आला.

सुंदरराव तो तिरुचिरापल्लीला जाऊन पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसलेच नाहीत. “राक्षसाच्या आंत कोणी नाहीं!” एवढंच ते म्हणत राहिले. मद्रासहून त्यांचा भाचा गुरुमूर्ति आला, सोबत एक संगणक आणि त्याला गार ठेवायला एक टेबलफॅन. फॅन संगणकाकडे, गुरुमूर्ति घामाने निथळत. इथून पुढे असुर संगणकात होईल आणि सेतूने आपल्या कढयांकडे परत जावं, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी कृष्णस्वामी छत्री आपटत समितीपुढे हजर. (समिती नेमली होती ती याचसाठी.)

“मंगळावरून आतां कोण येणार? सेतू कीं संगणक?”

“संगणक,” मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, कारण टिपण मलाच लिहायचं असतं.

“मग सेतूचा मंगळ गेला. हें लग्न मोडलें!”

सेतू दारातच उभा होता. दोन वर्षं त्या गोणपाटात शिजत पडलेला माणूस, पण इतका केविलवाणा मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला खरंच वाईट वाटलं. “मंगळ माझा नव्हता हें मला ठाऊक आहे मामा,” तो कृष्णस्वामींना म्हणाला (इकडे सासऱ्याला मामाच म्हणतात), “पण घाम तर माझाच होता ना?”

समितीने घामाचा मुद्दा नोंदवून घेतला. परंतु पत्रिकेत घामाचं घर नसतं.

कृष्णस्वामी शिस्तीचे गृहस्थ. सेतू नाही तर नाही, पण मंगळावरून येणाऱ्याची पत्रिका पाहायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं पडलं. वैद्यनाथ शास्त्रींनी संगणक पहिल्यांदा सुरू झाला ती वेळ धरून पत्रिका मांडली. आमच्याकडे दहा गोष्टी जुळवतात. सेतूच्या सहा जुळल्या होत्या. संगणकाच्या नऊ जुळल्या! शिवाय स्थळ मद्रासचं, व्यसन नाही, घरात सासू नाही, स्वभाव अबोल. अडलं होतं ते फक्त संततीपाशी. त्यावर गुरुमूर्ति म्हणाला, की काळजी नको, पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय.

कृष्णस्वामी विचारात पडलेले पाहून अलमेलु पुढे झाली. “अप्पा, तुम्हास पाहिजे तर तुम्ही करा त्याच्याशीं लग्न. मला सेतूच पाहिजे. तुमचा संगणक रसम करील काय?”

हा प्रश्न तांत्रिक असल्यामुळे गुरुमूर्तिकडे पाठवण्यात आला. उत्तर अद्याप आलेलं नाही.

दरम्यान संगणकी असुराची प्रगती अपेक्षेप्रमाणे होत नव्हती, आणि याला कारण आमचा धर्म. राहुकाळात नवं काम सुरू करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. संगणक एकामागून एक चित्र काढतो. प्रत्येक चित्र नवं. म्हणजे प्रत्येक चित्र हे नवं काम. म्हणून रोज राहुकाळ लागला की वैद्यनाथ शास्त्री स्वतः येऊन मशीन बंद करत. बंद केलं की ते सकाळपासूनचं सगळं विसरून जाई. राहुकाळ संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि जरा अंग धरतंय तोवर वीज जाई. गुरुमूर्तिने डोकं आपटून घेतलं (टेबलफॅनवर; फॅनचं एक पातं वाकलं). राहुकाळ आणि वीज यांच्या फटीत बसेल असा असुराचा एकच अवयव निघाला, तो म्हणजे शेपूट. तेवढं मात्र पुरं झालं.

सुंदररावांचा धीर सुटला. शेपूट संगणकाचं आणि बाकीचा असुर व्यंकोबांचा, अशी तडजोड होऊन सेतूला परत गोणपाटात घालण्यात आलं. आता कृष्णस्वामींपुढे नवाच पेच. मंगळावरून नेमकं कोण आलं? समितीने क्षेत्रफळाने निकाल द्यावा असं सुचवलं. ते म्हणाले, माझी पोर म्हणजे काय शेतजमीन आहे? चित्रपट डोळ्यांनी पाहूनच काय तें ठरवीन.

१९९५ साली चित्रपट लागला. थेटर गच्च भरलेलं. अलमेलु वडिलांशेजारी बसली होती आणि तिने इतका वेळ पदराचं टोक पिळलं, की रंग हाताला लागला. पडद्यावर आधी शेपूट आलं. ते उत्तम होतं. ते इतकं खरं होतं की ते कुणाचंच नाही हे लगेच कळत होतं. लोक जांभया देऊ लागले. मग बाकीचा असुर आला, धूर सोडत, एक डोळा किंचित लोंबत, आणि अख्ख्या थेटराने शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कापूर पेटवला, तो तातडीने विझवावा लागला.

असुराने नायिकेचा हात धरायला हात पुढे केला, तेव्हा मनगटापाशी गोणपाट उसवलं. आतून तेल उडून भाजल्याचे डाग असलेला हात दिसला.

“अप्पा!” अलमेलु उभीच राहिली. “हात सेतूचा आहे!”

“आणि शेपूट?” कृष्णस्वामी ओरडले.

“शेपूट संगणकाचें,” मागून समितीने (म्हणजे मी) खुलासा केला.

सगळ्यांच्या माना वैद्यनाथ शास्त्रींकडे वळल्या. शास्त्रीबुवांनी मुरुक्कूचा, म्हणजे आमच्याकडच्या चकलीचा, तुकडा गिळून निकाल दिला. विवाह म्हणजे पाणिग्रहण. पाणि म्हणजे हात. पुच्छग्रहणाने झालेला विवाह कुठल्याही शास्त्रात नाही. तेव्हा मंगळ हाताचा. त्यापुढचे संवाद टाळ्यांत कुणालाच ऐकू आले नाहीत. कृष्णस्वामींनी तिथेच अंधारात सेतूच्या आईचे, म्हणजे रुक्मिणीबाईंचे, पाय धरले (आधी चुकून शेजारच्या बाईंचे).

लग्न थाटात झालं. सुंदररावांनी आहेर म्हणून लग्नाची व्हिडिओ कॅसेट दिली. शेपटाचा अनुभव गाठीशी असल्याने ती गुरुमूर्तिने संगणकावर सजवली. कॅसेटमध्ये एक कमळ उमलतं आणि त्यातून सेतू आणि अलमेलु एकमेकांकडे पाहून हसत बाहेर येतात. मी त्या लग्नात सकाळपासून हजर होतो. त्या वेळी सेतू मुदपाकखान्यात दुसऱ्या आचाऱ्याशी सांबारात किती मीठ घालायचं यावरून भांडत होता आणि अलमेलु होमाच्या धुराने शिंकत होती. पण दोन्ही घरची माणसं आता कॅसेट लावतात आणि म्हणतात, काय आनंदाचा दिवस होता तो! त्या भांडणाची कुणाला आठवणही नाही, स्वतः सेतूलासुद्धा.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. या, हसा. समिती अजून बरखास्त झालेली नाही. तुमच्या कपाटातही एक लग्नाची कॅसेट असेलच. ती घेऊन या. तिच्यात तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो हाती केलेला आहे की मशीनवर, हे विनामूल्य तपासून लेखी दाखला दिला जाईल. अट एकच, नवरा-बायको दोघांनी बरोबर यायचं आणि आमच्यासमोर शेजारी बसून ती पाहायची. ही सूचना थेटराच्या भिंतीवर लावून आता बराच काळ लोटला. आजवर एकही जोडपं आलेलं नाही.