वीस रुपयांचं क्लिक आणि त्रेचाळीस घरं

"वीस रुपये! फक्त वीस! आणि त्यात गिऱ्हाइकाचा अख्खा तास वाचतो, आप्पा. अख्खा तास!"

हे वाक्य हेमकांतने आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं. चौथ्यांदा ते वडिलांसमोर म्हटलं, तेव्हा हिंमतराव बशीतला चहा फुंकत होते. ते फुंकतच राहिले.

म्हसावदच्या पेठेतलं हिंमतरावांचं किराणा दुकान. गेल्या वर्षी हेमकांतने त्याचं सुपर मार्केट केलं. म्हणजे काचेचं दार बसवलं, चार ढकलगाड्या आणल्या (त्यातल्या दोन फक्त डावीकडे जातात), आणि हिंमतराव पस्तीस वर्षं ज्या गादीवर बसले ती गादी माळ्यावर फेकली. आता त्याने ॲप आणलं होतं! घरबसल्या फोनवर सामान निवडा, क्लिक करा, दुकानात या, बांधून ठेवलेली पिशवी उचला, चालू पडा. या सेवेचे वीस रुपये.

"सामान बांधी देवाना पैसा?" हिंमतरावांनी शेवटी बशी खाली ठेवली. "मन्ही जिंदगी गई पुड्या बांधामा. वरतून मूठभर फुटाणा दिधात मी पोरंसोरंले. तू उलटा पैसा मांगी ऱ्हायना!"

"आप्पा, वेळ जातो त्यात. मेहनत लागते. शहरात सगळे घेतात."

"शहरमा पानी बी इकत लेतस. मंग काय आपली इहीरवर मीटर बसाडू?"

हेमकांतच्या बायकोने, ममताने, आतून आवाज दिला. "अहो, फुकट द्या ना! लोक येतील तरी."

"फुकट दिलं की लोकांना वाटतं यात काही दमच नाही!" हेमकांत गरजला. गरजायची त्याला हौस होती, संधी मात्र घरात कमी मिळायची.

हिंमतराव उठले. "आयक. बाजारना दिनपावत तुले मुदत. एक, एकच मानूस मन्हा डोयासमोर खुशीमा वीस रुपया दी, ते तू जितना. नही ते काचनं दार निंघी अन मन्ही गादी खाले उतरी."

बाजार चार दिवसांवर होता. हेमकांतने काचेच्या दाराकडे पाहिलं. ते त्याने सुरतेहून आणलं होतं, मांडीवर घेऊन. लग्नात ममतालाही त्याने इतकं जपून आणलं नव्हतं.

फलक लागला तो असा:

*तुमचं सामान, तुमच्या नावाने, तयार!*
*क्लिक करा. उचला. चला.*
*सेवा आकार : एका ऑर्डरला फक्त वीस रुपये*
*(ऑर्डर कितीही मोठी असो!!)*

ते कंसातलं वाक्य त्याला दाढी करताना सुचलं. दोन उद्गारचिन्हं त्याने ब्रश घेऊन स्वतः काढली. या कथेत पुढे जे काही होतं, ते सगळं त्या कंसातून बाहेर पडतं.

पहिला दिवस. शून्य.

दुसरा दिवस. एक! शाळेतले भरत क्लार्क. त्यांनी मधल्या सुट्टीत क्लिक केलं, संध्याकाळी आले, बांधलेली पिशवी पाहून "वा वा" म्हणाले. मग वीस रुपये ऐकले. मग त्यांनी पिशवी सोडली, तूरडाळ तूरडाळीच्या जागी ठेवली, साबण साबणाच्या जागी ठेवला, दारापर्यंत गेले, परत आले, आणि तेच सामान स्वतःच्या हाताने पुन्हा एकेक करून गोळा केलं. एक तास दहा मिनिटं! जाताना इतके खूश, जणू दुकानदाराला कुस्तीत चीत करून चालले आहेत.

हिंमतराव समोरच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. मधूनच माळ्याकडे बघून गादीच्या उशीला किती कापूस लागेल, याचा अंदाज घेत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, आणि वाजतच राहिला. एकच ऑर्डर, पण ती येऊन संपेचना!

*नाव : उदेसिंग, वरलापाडा*
*साखर ६५ किलो*
*तेलाच्या पिशव्या ९०*
*मीठ ८६ पुडे*
*अंगाचे साबण ११२*
*कंगवे १९*
*कुलपं ११*
*...*

"लग्न!" हेमकांतने आरोळी ठोकली. "ममता! उदेसिंगकडे लग्न निघालं!"

ममताने फोन हातात घेतला. "लग्नात एकशे बारा साबण?"

"पाहुणे मुक्कामी राहतात. आंघोळ नको करायला?"

"एकोणीस कंगवे?"

"वऱ्हाडात करवल्या नसतात का? एकीचा कंगवा दुसरीला चालत नाही. तुझाच चालतो का तुझ्या बहिणीला?"

"आणि अकरा कुलपं?"

इथे हेमकांत थोडा अडखळला. पण थोडाच. "दागिने असतील," तो म्हणाला.

ज्याला लग्न दिसायला लागतं त्याला सगळीकडे मांडवच दिसतो. हेमकांतने दोन दिवस खपून सामान भरलं. साखरेचं पन्नास किलोचं पोतं आणि वर पंधरा किलोची पिशवी. तेलाची खोकी. सगळं एकावर एक रचून, वर लाल रिबीन! रिबिनीचे पैसे घेतले नाहीत.

आता हिंमतरावांकडे जाऊ. तिकडे वेगळंच पेटलं होतं.

"उदेसिंगना घर लगीन, अन माले आवतन नही?"

उदेसिंग हे हिंमतरावांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षं सातपुड्यातून दर बाजाराला उतरणार, आधी गादीशेजारी बसून पाणी पिणार, मगच सामान घेणार. आणि त्याच्या घरच्या लग्नाची बातमी फोनमधून कळावी? ऑर्डर म्हणून? हिंमतराव रुसले. नुसते रुसले नाहीत, जेवताना तूप नको म्हणाले!

"ईसरी ग्या व्हई बिचारा," त्यांची बायको दगूबाई म्हणाली. "त्या ईसरनात म्हनीसन आपन ईसरानं का? बाजारले येतीन तव्हय आपन आहेर करूत."

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाला दुकानासमोर दोन पिकअप थांबल्या. त्यातून माणसं उतरायला लागली. दहा, वीस, तीस... बाया, बाप्ये, म्हातारे, पोरं. पुढच्या सीटवरून उदेसिंगचा मुलगा पवन उतरला. नवा शर्ट, काळा गॉगल, केसांना तेल.

"नवरदेव!" हेमकांत कुजबुजला.

पुढचं अर्ध्या मिनिटात झालं. दगूबाई ताट घेऊन पुढे. कुंकू. हिंमतरावांनी पवनच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. हेमकांतने मोबाईलवर सनई लावली. पवनने गॉगल काढला.

"आप्पा, हे काय?"

"तुन्हं लगीन, बेटा!"

पवनने आईकडे पाहिलं. त्याची आई रुखमाबाई त्याच्याकडेच पाहत होती, आणि ती नजर बरी नव्हती.

"कोनासंगे?" रुखमाबाईने विचारलं.

"माले काय माहीत!" पवन म्हणाला.

"सुरतले कामले गया तव्हय काही कयं का तू?"

"माय, शप्पथ! मी फक्त काम कयं!"

"मंग हाऊ नारय कसाना?"

गर्दीतून कोणीतरी विचारलं, पोरगी कोणत्या गावची. दुसऱ्याने आपल्या मनाने गावही सांगून टाकलं. दोन म्हाताऱ्यांनी पवनच्या डोक्यावर हात ठेवला. पवनचा चेहरा आता बघण्यासारखा झाला होता. म्हणजे घाबरलेला होताच, पण त्यात कुठेतरी थोडी आशाही होती!

शेवटी उदेसिंगने हात वर केला. तो घरी पावरी बोलतो, बाजारात अहिराणी, आणि दोन्हीकडे हळू बोलतो.

"आप्पा, लगीन कोनंच नही शे. हाई बठ्ठा पाडानं सामान शे. त्रेचाळीस घरं."

सनई चालूच होती. ममताने पुढे होऊन ती बंद केली.

गोष्ट साधी होती. वरलापाड्यावर फोनला रेंज नाही. पाण्याच्या टाकीच्या वरच्या बाजूला असलेल्या खडकावर उभं राहिलं तरच मिळते, तीही वारा नसेल तर. उदेसिंगची मुलगी रिना, कॉलेजात शिकणारी, तिने म्हसावदला येता-जाता हेमकांतचा फलक वाचला होता. पाड्यातल्या सगळ्यांचं सामान तिने वहीत लिहून घेतलं, बेरीज केली, खडकावर चढली आणि एकदाच क्लिक केलं.

"ऑर्डर कितीही मोठी असो," रिना म्हणाली. "दोन उद्गारचिन्हं."

उदेसिंगने खिशातून वीसची नोट काढली. कोरी होती. दोन्ही हातांनी, हसत हसत, ती हिंमतरावांच्या हातात दिली. "भलतं बेस कयं हेमूभाऊनी. सामान लेवाले गल्लोगल्ली फिरनं नको."

खुशीने! डोळ्यांसमोर! वीस रुपये!

"जिंकलो!" हेमकांतने उडी मारली. काचेचं दार वाचलं. त्याने त्या दाराला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर क्षण जगला. तो साधारण पाच सेकंद टिकला.

"आते," उदेसिंग म्हणाला, "ज्यानं त्याले बांधी द्या."

"म्हणजे?"

रिनाने फलकाकडे बोट केलं. "'तुमचं सामान, तुमच्या नावाने, तयार.' ही नावं." तिने वही पुढे केली. त्रेचाळीस नावं. धनसिंग, साखर दीड किलो, कुलूप एक. आमशा, साखर पाऊण किलो, कंगवे दोन...

हेमकांतने पोत्याकडे पाहिलं. रिबिनीकडे पाहिलं. "ह्याचा वेगळा आकार..." त्याने सुरुवात केली.

"कोनता फलकवर लिखेल शे?" हे हिंमतराव विचारत होते. स्वतःचा बाप!

झालं. रिबीन तुटली. पोतं फुटलं. म्हणजे उसवायचं होतं, पण घाईत फुटलं. हेमकांत साखर मोजतोय, ममता मिठाचे पुडे लावतेय, आणि तिकडे बाजाराचं नेहमीचं गिऱ्हाईक दाराशी. "शेठ, मन्हं तेल!" "थांबा!" "कितलं थांबू?" धनसिंगच्या पिशवीत आमशाचे कंगवे गेले. आमशाच्या पिशवीत कुलूप गेलं, किल्ली भलतीकडेच. एक ढकलगाडी आपसूक डावीकडे निघाली आणि मिरचीपुडीच्या मांडणीवर जाऊन थांबली. आख्खं सुपर मार्केट शिंकायला लागलं! त्या शिंकांत भरत क्लार्क आले, हातात फोन नाचवत. "मी आज क्लिक केलंय! आज मी वीस रुपये द्यायला तयार आहे! माझी पिशवी कुठाय?"

हेमकांत साखरेत खाली बसला. मुंग्या यायच्याच बाकी होत्या.

उदेसिंगने हे थोडा वेळ पाहिलं. मग मागे वळून पावरीत दोन-तीन शब्द बोलला.

बस. चाळीस माणसं सरळ रांगेत उभी! हा पोत्याशी, ती तराजूशी, हा पिशवी धरणार, ती गाठ मारणार, रिना नाव पुकारणार. हातातून हात, हातातून हात. कोणी गाणं काढलं, बाकीच्यांनी ते उचललं. पाऊण तासात त्रेचाळीस पिशव्या! हात थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून तेल मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं तेल, भरत क्लार्कची पिशवी, सांडलेली मिरची, पाचव्या मांडणीवरची वर्षभराची धूळ, सगळं साफ. डावीकडे जाणाऱ्या ढकलगाडीचं चाकही कोणीतरी दगडाने ठोकून सरळ केलं. आता ती उजवीकडे जाते.

हेमकांतचे डोळे भरून आले. थोडे मिरचीने, थोडे खरेच. "उदेसिंगकाका, किती मजुरी देऊ?"

रांगेतले सगळे हसले.

"मजुरी नही रे भो," उदेसिंग म्हणाला. "हाई लाह शे. एकना घर काम निंघनं की बठ्ठा जातस. पैसा नही लेतस."

"नाही घेत?" हेमकांत आनंदला.

"नही. ज्यानं काम, तो फक्त जेवाले घालस."

चाळीस माणसं हात धुवायला पाणी कुठे आहे ते बघू लागली.

आणि इथे हिंमतराव असे उठले, जणू वय वीस वर्षांनी कमी झालंय! "वरन-बट्टी!" ते ओरडले. "वांगानी भाजी! दगू, चूल पेटाड! ममता, कनिक काढ! लगीन नही ते नही, पंगत ते व्हईच!"

दुकानामागच्या वाड्यात चुली पेटल्या. कणीक दुकानातली, तूरडाळ दुकानातली, तूप दुकानातलं. वांगी तेवढी बाजारातून आणली. भरत क्लार्क पंगतीत आधी बसले, मग विचारलं की बसू का. हिंमतराव बट्टी कुस्करून त्यावर तूप ओतत पंगतीतून फिरत होते आणि उदेसिंगला तर त्यांनी चौथी बट्टी शपथ घालून वाढली. पवनला टोपी-टॉवेल परत करायचा होता. रुखमाबाईने करू दिला नाही. "ऱ्हाऊ दे. आते आहेर व्हई जायेल शे, पोरगी पाही लेऊत."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमकांत ओलं फडकं घेऊन फलकापाशी उभा होता. 'वीस'वर फडकं टेकवणार, तोच मागून मनगट धरलं गेलं.

"खबरदार!"

"आप्पा, फुकट करतो ना! तुम्हीच म्हणत होतात!"

"तू जितना, मी हारनू. शब्द म्हंजे शब्द. वीस रुपया लागतीनच!" हिंमतरावांनी फडकं काढून घेतलं. "अन कंस बी पुसानं नही. भलता झकास शे तो कंस."

"आप्पा, पण जेवणाचं कसं..."

तेवढ्यात फोन वाजला. ममताने उचलला, वाचला, ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मग घसा साफ करून तिने मोठ्याने वाचून दाखवलं:

*नाव : करमसिंग, खालचापाडा. घरं बासष्ट. वीस रुपये सुटे आणतो. उदेसिंग म्हणाला वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं, यावेळी तेवढं बघा.*