पंगतीतली मिडफिल्डर

रेवती पानात भात वाढायची तेव्हा पानाकडे कधीच बघायची नाही. डावीकडे कुणाचं वरण संपलंय, पलीकडच्या ओळीतल्या कुठल्या आजींना ताक हवंय पण मागायला लाजतायत, दारातून गाय तर आत येत नाही ना, अशी तिची मान सारखी फिरत असायची. भात मात्र बरोबर जागच्या जागी पडायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोरीच्या मानेला काहीतरी झालंय.

रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन मी वाराणसीला आलो आणि माझ्या जेवणाची सोय अमृतराव घाटाजवळ राहणाऱ्या नाना गुरुजींकडे झाली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकार्यं गुरुजी करतात, त्यामुळे त्यांच्याकडे दुपारी पंगत असतेच. त्यात कोपऱ्यातलं एक पान माझं. रेवती ही गुरुजींची एकुलती एक मुलगी. कॉलेजात बी.ए. करते असं सगळे म्हणत, पण मी तिच्या हातात पुस्तक पाहिलं नाही. हातात वाढायची पळी, नाहीतर पायात फुटबॉल.

ती कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळायची. म्हणजे मैदानाच्या मधोमध उभं राहून मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. हे मला तिनेच आमटी वाढता वाढता समजावलं. "पंगतच आहे हो काका. कुणाचं पान रिकामं आहे ते बघायचं आणि तिकडे पोचवायचं. बस."

"जागा आहे, काका!" हे तिचं पेटंट वाक्य. एकदा आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. गल्लीत समोर सांड बसलेला, त्याच्या अलीकडे दूधवाल्याची मोटरसायकल, पलीकडे दक्षिणेतल्या यात्रेकरूंचा जथा. मी मागे फिरणार तेवढ्यात ही म्हणाली, "जागा आहे, काका! लोकांना दिसत नाही, पण असते." आणि भोपळ्यासकट पलीकडे निघूनही गेली. मी सांड आणि भिंत यांच्यामध्ये अडकलो. सांडाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त आमच्या साहेबांची पाहिली आहे.

गुरुजींचं दुःख वेगळंच होतं. मुलगी मैदानावरून आली की ते एकच प्रश्न विचारत, "गोल किती?"

"एक पण नाही."

"मग इतका वेळ केलंस काय?"

"दिले ना, बाबा. दोघींना दिले, दोघींनी मारले."

गुरुजींना हे काही पटेना. एका सामन्याला ते स्वतः गेले आणि कोचना गाठून म्हणाले, "हमारी लडकी इतना दौडती है, आप उसको गोल क्यों नहीं मारने देते?" कोच म्हणाले, "गुरुजी, वो मिडफिल्ड में है।" गुरुजींनी मान डोलावली, क्षणभर विचार केला आणि विचारलं, "अच्छा. तो प्रमोशन कब होगा?"

बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं आणि एका मोठ्या व्यावसायिक क्लबची माणसं मुली निवडायला आली. चाचणी नदीपलीकडे रामनगरच्या एका मैदानावर होती. निवड झाली तर खेळायचा पगार, राहायची सोय आणि रोज फुटबॉल. नाही झाली तर वहिनींनी, म्हणजे रेवतीच्या आईने, बी.एड.ची चौकशी करून ठेवलीच होती. कोचनी तिला निक्षून सांगितलं, "आज अपने लिए खेलना, रेवती। गोल दिखना चाहिए।" गुरुजींच्या घरी त्या दिवशी कार्य होतं, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो.

अनोळखी मुलींचे दोन संघ पाडले होते. प्रत्येकीला स्वतःला दाखवायचं होतं, त्यामुळे बॉल कुणी कुणाला देतच नव्हतं. बलियाहून आलेली एक हडकुळी मुलगी उजव्या कडेला नुसती पळत होती. तिच्याकडे बॉल एकदाही गेला नव्हता. शेवटी शेवटी रेवतीने बॉल काढला, दोघींना चकवलं, गोलकीपर पडली आणि समोर गोल उघडा! मी उभा राहून ओरडलो, "मार!" आणि या बयेने बॉल उजवीकडे दिला. बलियावालीने गोल मारला आणि तिथेच रडायला लागली.

सामना संपल्यावर निवड करणाऱ्या बाईंनी रेवतीला बोलावलं. "गोल सामने था। मारा क्यों नहीं?"

"मॅडम, उसकी पत्तल सुबह से खाली थी।"

त्या बाई होत्या केरळच्या, पत्तल म्हणजे जेवायचं पान हे त्यांना काय कळणार. त्यांनी सहायकाकडे पाहिलं, सहायकाने माझ्याकडे पाहिलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

परतताना रिक्षात ती त्या बलियावालीचंच कौतुक करत होती. "काय पळते हो काका, एकदम जबरदस्त!" रिक्षा पुलावर आली. ती खाली गंगेकडे बघायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मी सगळ्यांकडे बघते ना... माझ्याकडे बघितलं असेल का हो कुणी?"

"मी बघत होतो की," मी म्हणालो.

"तुम्ही घरचे. तुमचं धरायचं नाही."

पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या यात्रेकरूंची पंगत बसली होती. गुरुजी मोबाईल अंगापासून लांब धरून आले, "कोणीतरी बाई आहेत, अर्धं इंग्रजी बोलतायत." रेवतीने एका हातात ताकाची बादली धरून फोन कानाला लावला. "येस मॅडम," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग, "मॅडम, और वो बलियावाली?" आणि पुन्हा, "थँक्यू मॅडम, थँक्यू."

तिने बादली खाली ठेवली आणि ओळीत मोकळ्या राहिलेल्या पाटावर मटकन बसली. सोलापूरकरांचे घास हातातच राहिले.

"काय म्हणाल्या?" गुरुजींनी विचारलं.

"दोघींना बोलावलंय, बाबा." ती हसत होती, गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, त्या म्हणाल्या, गोल झाला तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. त्या एकट्या माझ्याकडे बघत होत्या."