ओट्याची उंची

आमच्या गावात ज्या भाषणावर कुणी प्रश्न विचारत नाही, त्या भाषणानंतर बाजारपटांगणातला दगडी ओटा वीतभर वर जातो. हे पूर्वापार आहे. सासूबाई सांगायच्या, ओटा जमिनीला धरून असावा, म्हणजे गावात सुख राहतं. म्हणून पूर्वी कुणाचंही भाषण झालं, की कुणीतरी उठून निदान "नळाला पाणी कधी?" एवढं तरी विचारी. वक्ता काहीबाही उत्तर देई, ओटा जागेवर राही आणि माणसं घरी जात.

पुढे आमच्या गावाचा वेगळा तालुका व्हावा म्हणून तालुका निर्मिती कृती समिती निघाली. अध्यक्ष आमचे हे. पहिल्याच सभेत चारदोन जणांनी फार गोंधळ घातला, तेव्हा समितीनं ठराव केला, की सभा समितीची आहे, तिथे बाहेरच्यांनी प्रश्न विचारू नयेत. ठराव एकमतानं झाला.

तेव्हापासून ओटा वाढत गेला. आधी पायऱ्या बांधल्या, त्या पुरेनात म्हणून शिडी आणली. ओटा पटांगणातल्या कडुलिंबाच्या शेंड्याला लागला त्या दिवशी सभा होती. बाकीचे वक्ते आपापलं बोलून शिडीनं उतरले आणि अध्यक्षीय समारोप तेवढा राहिला. यांचा समारोप लांबतो. लांबलेल्या समारोपाला ओटा एक भाषण धरत नाही, तीन-चार धरतो. टाळ्या झाल्या, प्रश्न झाला नाही. ओटा वर गेला, शिडी निसटून खाली आली. गावात त्याहून लांब शिडी नव्हती. हे वरच राहिले.

वर तशी गैरसोय नव्हती. सावलीला ताडपत्री होती. मी कप्पीवरून बादलीत डबा पाठवी, धुतलेली धोतरं पाठवी. फोनवर बोलणं होई. "इथून सगळा तालुका दिसतो," हे म्हणत. पण वर बसून माणूस करणार काय? हे रोज संध्याकाळी कर्ण्यावरून बोलत, आणि सकाळी डब्याचा दोर मला थोडा वाढवावा लागे.

मी ग्रामसेवकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, नोंदीला ओट्याची उंची तीन फूट आहे. तीन फुटांवरून उतरायला शिडी मंजूर होत नाही."

"मग नोंद बदला."

"नोंद बदलायची तर मोजणी करायला वर जावं लागतं. वर जायला शिडी लागते."

बोलणं खरं होतं. मी नमस्कार करून आले.

माझी घाई वेगळीच होती. गेल्या वर्षी यांचा आवाज बसला होता. औषधं झाली, काढे झाले, तेव्हा मी सोळा सोमवार धरले. शंभूनं ऐकलं, आवाज पहिल्यापेक्षा मोठा आला. आता उद्यापन करायचं होतं, आणि उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं. बोललेलं देवाला पोचवलं नाही तर मनाला चैन पडत नाही. मी धुंडिराजगुरुजींना विचारलं, उपरणं खूप लांब घेतलं आणि मी खाली, हे वर बसलो तर चालेल का?

गुरुजींनी विचार केला. "गाठ लांबवता येईल. पण दोघांचे पाट एका पातळीवर हवेत. त्याला पर्याय नाही." मग म्हणाले, "तुम्ही वर जाऊ शकता का?"

"बादलीत मी मावणार नाही."

"मग त्यांनाच उतरवा. श्रावणातला शेवटचा सोमवार धरून चालू."

मी समितीची बैठक आमच्याच पडवीत बोलावली आणि म्हटलं, तो ठराव मागे घ्या, बाहेरच्यांचे प्रश्न आले की ओटा खाली येईल. चिटणीस प्रल्हाद खोचरे हे यांचे उजवे हात. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं ते मांडी घालून, नीट सांगतात.

"वहिनी, मांडव आपला, कर्णा आपला, चहा आपला. आणि विरोधकांनी येऊन आपल्याच चहावर आपल्यालाच विचारायचं? त्यांना वाद घालायचा तर त्यांनी त्यांचा मांडव घालावा. आम्ही जातो का त्यांच्या दारात?"

"चहा मी करते, भाऊजी," मी म्हटलं. "कुणाला द्यायचा ते मला ठरवू द्या."

खोचरेभाऊजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्हाला वाटतंय तेवढं सोपं नाही ते. चळवळ म्हणजे विस्तव. चार जणांनी फुंकर मारली तर पेटेल, चार जणांनी पाणी टाकलं तर विझेल. आणि पाणी टाकणारेच पुढे येऊन बसतात."

हेही खरं होतं. पहिल्या सभेचा गोंधळ मी पाहिला होता. तरी मी म्हटलं, "विस्तव खाली असेल तर त्यावर भाकरी होते. इतक्या उंचावरच्या विस्तवाचं मी काय करू?"

शेवटी मधला मार्ग निघाला. सभा खुली करायची, पण प्रश्न आपल्याच माणसानं विचारायचा. खोचरेभाऊजींचा मावसभाऊ तयार झाला. सभेत तो उठला, खिशातला कागद काढून त्यानं विचारलं, "अध्यक्षसाहेब, एवढ्या उंचीवर राहूनही आपण इतके साधे कसे राहिलात?"

ओटा दोन हात वर गेला. ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडू लागला. माझ्या हातातला दोर संपला.

त्या संध्याकाळी डबा अर्ध्यावर लोंबकळत राहिला. हे फोनवर एवढंच म्हणाले, "इथे वारा फार आहे गं." त्यांचा असा आवाज मी घसा बसला होता तेव्हाही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी नदीपलीकडे तांबूळवाडीला गेले. तिथे गोदाक्का राहतात. तालुक्याला त्यांचा कडाडून विरोध. पहिल्या सभेत गोंधळ घालणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. मी त्यांना सभेचं आमंत्रण दिलं.

"कोण येतंय तुझ्या मालकाच्या आरत्या ऐकायला?" त्या म्हणाल्या.

"आरती नाही. तुम्हाला विचारायचं असेल ते विचारा."

"आणि माझ्या प्रश्नानं तो पडला खाली धाडकन, तर?"

"सासूबाई सांगायच्या, ओटा पाडत नाही कुणाला. सावकाश उतरवतो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू नवऱ्यासाठी आलीस की तालुक्यासाठी?"

"उद्यापनासाठी."

"मग येते. देवाच्या कामाला नाही म्हणू नये. पण गोड बोलायला सांगू नकोस हां मला."

"नका बोलू," मी म्हटलं.

सभेच्या दिवशी पटांगण भरलं. हे वरून बोलले, चांगलं बोलले. तालुका झाला तर कचेरी दारात येईल, न्यायालय येईल, मोठा दवाखाना येईल. टाळ्या संपता संपता गोदाक्का उठल्या. खोचरेभाऊजी पुढे झाले, मग माझ्याकडे बघून पुन्हा बसले.

"अहो वरचे," गोदाक्कांनी हाक मारली. "आत्ताचा तालुका आमच्या काठाला आहे. आम्ही चालत जातो. तुमचा झाला की आमची वाडी तुमच्यात येणार. पावसात पूल बुडतो. पाणी असताना माझी सून अडली, तर तुमच्या दवाखान्यात ती पोहत यायची का?"

यांना उत्तरं पाठ असतात, मला त्यातली सगळी माहीत आहेत. त्यातलं एकही आलं नाही. कर्ण्यावरून एवढंच आलं.

"याचा विचार आम्ही केला नव्हता."

ओटा हलला. जात्यासारखी घरघर झाली आणि तो वीतभर खाली आला. लोक थोडे मागे सरकले. मग कुणीतरी विचारलं, आमचे जुने खटले कुठे चालणार? कुणी विचारलं, तालुका झाल्यावर समितीचं काय करणार? समितीतल्याच माणसांनी मनात धरून ठेवलेलं एकेक बाहेर निघालं, आणि ओटा दर प्रश्नाला जास्तच उतरत गेला. शेवटी खोचरेभाऊजी स्वतः उठले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अध्यक्षसाहेब, आपल्यानंतर कोण, याचा कधी विचार केलाय का?"

हे ओट्याच्या कडेला आले. "नाही केला, प्रल्हाद," म्हणाले. तोवर ओटा जमिनीला टेकला होता.

तालुक्याच्या मागणीत त्या दिवशी आधी पुलाची मागणी घालावी लागली. काही सभासद रागावून निघून गेले, ते अजून आलेले नाहीत. घरी दारात पाय धुताना हे म्हणाले, "गोदाक्काला तू बोलावलंस."

"हो."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही उत्तर तयार ठेवलं असतं."

त्यांनी टॉवेल घेतला आणि आत गेले.

सोमवारी उद्यापन झालं. अंगण बायकांनी भरलं होतं, गोदाक्का सुनेला घेऊन आल्या होत्या. हे सोवळं नेसून मुकाट माझ्या शेजारी बसले. गाठ बांधण्याआधी आमच्या घरात चालत आलेली कहाणी सांगायची होती, ती मीच सांगितली. सासऱ्यानं सुनेचा वसा हिणवला, मग सुनेच्या माहेरी दारिद्र्य आलं, मग तिनं वसा पुन्हा घेतला आणि सगळं परत मिळालं. लग्न होऊन आल्यापासून सांगते आहे. सगळ्यांनी हात जोडले. कुणी काही म्हटलं नाही.

माझा पाट वीतभर वर गेला.

गुरुजी थांबले. त्यांनी वाकून दोन्ही पाटांकडे पाहिलं. "पातळी गेली," ते म्हणाले. "अशी गाठ बांधता येणार नाही."

मी खाली बघत बसले. कहाणीला प्रश्न विचारायची आमच्यात रीत नाही, आणि मला कुणाला तसं सांगवेनाही. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तेव्हा हे बोलले. कर्ण्याशिवाय इतकं हळू बोलताना मी त्यांना फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

"वसा हिणवला सासऱ्यानं. मग भोगलं तिच्या माहेरानं का?"

मी उत्तर शोधलं. ही कहाणी मी देवघरात सांगितली आहे, शेतावर सांगितली आहे, आजारपणात नुसती मनात म्हटली आहे. त्या माहेरच्या माणसांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"मला ठाऊक नाही हो," मी म्हटलं.

पाट खाली आला. गुरुजींनी बोटांनी पातळी पाहिली, मान हलवली आणि यांच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारली. समोर गोदाक्कांनी हात वर केला होता. मी त्यांना खूण केली, आरती होऊ द्या, मग विचारा.