ढोल्याचं शिक्षण

"रविवारपर्यंत दोन्ही ससे माझ्या इशाऱ्यावर चालतील!" मास्तरांनी जाहीर केलं.

मास्तर शाळेत वगैरे शिकवत नव्हते. ते विमा कचेरीत कारकून होते; पण कोणी काही न विचारता सगळ्यांना सगळं समजावून सांगत, म्हणून हे नाव पडलं होतं.

घोषणेला कारण होतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण काकूंनी जिन्यात गाठून सुनावलं होतं, "रविवारी वर येते. तुमच्या घरात चाललंय काय, ते बघायचंय मला!" भाडेकरारात 'परवानगीशिवाय प्राणी पाळू नयेत' असं स्वच्छ छापलेलं, आणि घरात लेकीचे दोन ससे, ढोल्या आणि भुरी. ससे गेले तर लेक वर्षभर बोलणार नव्हती.

"काकू आल्या की ससे शहाण्यासारखे पेटीत जाऊन बसतील. त्यासाठी प्राण्यांना शिकवायचा क्लिकर आणलाय!" मास्तरांनी बोटाएवढी डबी दाखवली. दाबली. टक्!

दोन्ही ससे कपाटाखाली गेले, ते जेवणवेळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

"अहो, रुमालात गुंडाळून दाबा. आवाजाला घाबरतात ते," बायको म्हणाली.

"क्लिकरचा व्हिडिओ मी पाहिलाय की तू?"

मास्तरांनी व्हिडिओची सुरुवात तेवढी पाहिली होती. पुढचं न बघताच कळण्याइतके ते हुशार होतेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी रुमालात गुंडाळली आणि ही युक्ती आपल्याला कशी सुचली, ते बायकोला समजावून सांगितलं.

टक् झालं की कोथिंबिरीची काडी मिळते, हे सशांना लगेच उमगलं. मास्तरांनी रुमाल काढून टाकला आणि स्वतःचीच पाठ थोपटली. तेवढ्यात ढोल्याने सोफ्याचा पाय कुरतडायला घेतला.

"ए!" मास्तरांनी दटावून डबी दाबली. टक्! ढोल्या थांबला. "बघितलंस? जरब म्हणतात ती ही!"

"बाबा, टक् केलं की खाऊ द्यावाच लागतो," लेक म्हणाली.

नियम म्हणजे नियम. मास्तरांनी काडी दिली. ढोल्याने ती संपवली आणि दुप्पट उत्साहाने सोफ्याला भिडला. टक्! काडी. टक्! काडी.

"अहो, तुम्ही त्याला सोफा कुरतडायला शिकवताय!"

"तुला मानसशास्त्रातलं काही कळतं का?"

ढोल्याला मात्र मानसशास्त्र उत्तम कळत होतं.

रविवारी काकू आल्या. दारात चपला काढून सोफ्याच्या धडक्या बाजूला बसल्या. मास्तरांनी खिशात हात घालून डबी दाबली. टक्! आता ससे पेटीत जाणार!

भुरी तोंड धुत बसली. ढोल्याने कर्तव्यबुद्धीने इकडेतिकडे पाहिलं आणि काकूंची चप्पल गाठली.

"नाही, नाही!" मास्तर घामाघूम झाले आणि अंगठा आपोआप चालला. टक्! ढोल्याचे दात चालले. टक्! टक्! टक्! एवढी शाबासकी ढोल्याला आजवर मिळाली नव्हती. तो जीव तोडून कुरतडत राहिला, आणि शेवटी त्याने पट्टाच तोडला.

काकू ताडकन उठल्या. "हाच! हाच तो आवाज!"

"कुठला आवाज?"

"अहो, आठवडाभर माझ्या डोक्यावर टकटक, टकटक! पंखाच बिघडला म्हणून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने पंखा खाली काढून ठेवलाय. उकडून जीव जायची वेळ आली माझी!"

"म्हणजे... तुम्ही सशांसाठी नाही आलात?"

"सशांचं काय? छतातून पाणी ठिबकलं म्हणून यायचं म्हटलं होतं; मग ही टकटक सुरू झाली. पोरगी पहिल्याच दिवशी येऊन विचारून गेली. मी हो म्हटलं. गरीब बिचारे, आवाज म्हणून नाही त्यांचा!"

मास्तर लेकीकडे वळले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते ना, बाबा. तुम्ही मला समजावून सांगत होतात."

काकूंनी हात पुढे केला. मास्तरांनी मुकाट्याने डबी त्यांच्या तळव्यावर ठेवली. काकू बायकोच्या चपला घालून खाली गेल्या. ढोल्या आपली कोथिंबीर वसूल करायला मास्तरांच्या पायाशी येऊन बसला.

संध्याकाळी मास्तर ती चप्पल घेऊन चांभाराकडे गेले. चांभाराने पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"कुत्रं का हो?"

"नाही, ससा," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून पुटपुटले, "शिकवलेला आहे."