सुकाणूला शेंदूर

शहापूरच्या हार्डवेअरवाल्याने तिसऱ्यांदा "कशाला पाहिजे?" असं विचारलं, तेव्हा अनंताचं डोकंच फिरलं.

"होडीला! किती वेळा सांगू? सुकाणू तुटलंय. मागं लावायची फळी, तिच्यानं होडी वळते."

"शहापुरात होडी?" दुकानदार हसला. "ही प्लायची न्या. कपाटाला सगळे हीच लावतात."

होडी आणि कपाट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं? अनंता तरातरा बाहेर पडला. मळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायला त्याने मुंबईच्या एका क्लबाची जुनी शिडाची होडी आणली होती. गावच्या छोट्या धरणात पहिल्याच दिवशी त्याने मुरबाडच्या व्याह्यांना, काथोडशेठना, मोठ्या दिमाखात बसवलं. नेमकं मधोमध सुकाणू मोडलं, होडी वाऱ्याबरोबर भरकटली आणि चिखलात रुतली. गुडघ्यापर्यंत बरबटलेले काथोडशेठ जे हसत सुटले, ते अजून थांबले नव्हते. मुरबाडकडच्या प्रत्येक हळदीत हा किस्सा रंगत होता. दिवाळीला व्याही परत येणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने होडी पैलतीराला नेल्याशिवाय अनंताला फराळ गोड लागणार नव्हता.

पण सुकाणू निवडणं म्हणजे डोक्याला ताप. प्लाय पाण्यात फुगेल. मोबाइलवर फायबरचं दिसलं, ते निम्म्या होडीएवढं. बायकोने, गुणाबाईने, कणगीचं झाकण पुढे केलं.

"अवो, हे लावा. चांगलं रुंद हाय."

"गुणे, ही होडी हाय, भाताची कणगी नाय!"

शेवटी त्याने मुरबाडची वखार गाठली. सागाची एकेक फळी उभी करून बघितली, आडवी करून बघितली, बोटाने ठोकून कान लावला. ही वाकडी, तिला गाठ, तिसरी पोचट.

"काका, फळी घेताय का सून बघताय?" वखारवाला वैतागला.

अखेर एक मनात भरली. अनंताने ती तिथेच कापून घेतली, खाली पसरट आणि वर निमुळती. वरच्या बाजूला बोल्टसाठी शेजारी शेजारी दोन भोकं पाडून घेतली. पाणी मुरू नये म्हणून शेंदरी प्रायमर फासला आणि गावी आणून धरणाच्या वाटेवर आईनाच्या झाडाला टेकवून वाळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाघबारस होती, रानातली गुरं राखणाऱ्या वाघोबाच्या पूजेचा दिवस. अनंता पान्हा घेऊन झाडापाशी आला आणि जागीच थिजला. सुकाणूच्या गळ्यात झेंडूची माळ होती, दोन्ही भोकांत डोळे म्हणून कवड्या बसवल्या होत्या, पुढे फोडलेला नारळ आणि खिरीचा नैवेद्य होता आणि अख्खं गाव हात जोडून उभं होतं.

"बुधू, हे माझं सुकाणू हाय!" तो भगतावर ओरडला.

"हळू बोल. वाघोबा हाय."

"कसला वाघोबा? काल मी रंगवलाय त्याला!"

"जुना देव वाळवीनं खाल्ला. मी सुताराला नवा करायला सांगितला होता. त्यानंच आणून ठेवला."

अनंताने तिथल्या तिथे सुताराला फोन लावून स्पीकर चालू केला. "मी तर अजून लाकूडपण नाय आणलं," सुतार म्हणाला.

"ऐकलंस?"

"ऐकलं." बुधूने पुन्हा हात जोडले. "सुतारानं नाय केला. म्हणजे देव आपला आपणच आला."

"आणि नारळ कोणी फोडला?"

"मी," गुणाबाई म्हणाली. "मला काय ठावं तुमची फळी? रंग लावलेली कुठं दाखवलीत मला?"

"तुझी हाय तर उचल की," बुधू शांतपणे म्हणाला. "कोण अडवतंय?"

अनंताने तावातावाने हात पुढे केला. तेवढ्यात त्याला रानात चरायला गेलेली आपली गाभण म्हैस आठवली. हात मुकाट्याने मागे आला.

मग देवालाच विचारायचं ठरलं. बुधूने दोन्ही बाजूंना फुलं लावून कौल मागितला. उजवं फूल पडलं.

"देव होडीत बसायला तयार हाय," बुधू म्हणाला. अनंताचा जीव भांड्यात पडला. "पण देवाला हात फक्त भगताचा. आणि होडीत चपला नाय."

दिवाळीला व्याही आले आणि होडीत मधोमध बसले. ज्याने जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं, तो बुधू सुकाणूचा दांडा धरून ऐटीत बसला. होडीचा मालक शिडाची दोरी धरून पुढे अवघडून बसला.

"डावीकडं घे, डावीकडं!"

"देवाला शिकवू नको रे."

होडी सुतासारखी सरळ पैलतीराला लागली. काथोडशेठ भगताच्या पाया पडले. "काय होडी चालवता, भगत!"

अनंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तणतणत खाली उतरला, तोच पैलतीरावर थांबलेली गावातली म्हातारी सकुबाई गवताचा भारा घेऊन त्याच्या जागेवर जाऊन बसली.

"सकुबाय, ऊठ! ती माझी जागा हाय."

"देवाच्या पायाशी आलेल्या म्हातारीला उठवतोस?" बुधूने डोळे वटारले.

"राहू द्या हो, अनंताशेठ," काथोडशेठ म्हणाले. "दोरी मी धरतो. त्यात काय एवढं?"

तिघं आणि गवताचा भारा यांनीच भरलेली होडी परत निघाली. अनंताच्या चपला अलीकडच्या काठावर राहिल्या होत्या. धरणाला वळसा घालत, कुसळं उपटत, बुधूपासून वखारवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत तो अनवाणी चालू लागला. पाण्यावरून शीड फडफडत त्याच्याजवळून गेलं. काथोडशेठनी आपुलकीने हात हलवला आणि काठावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"अनंताशेठ, तुमीपण एकदा बसून बघा ना होडीत! लय मजा येते!"