तीन कचेऱ्यांतली हौसा

हौसाचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि पूर्णा गावच्या काळूनाना तऱ्यांनी ठरवलं, की भिंतीवर तिचा फोटो लावायचा. एवढंच ठरवलं. त्यात काय मोठं? भिंत घरची, खिळा घरचा, बायको घरची. फक्त फोटो नव्हता.

(तसा मुलाच्या, भावेशच्या लग्नाच्या आल्बममध्ये होता. पण कॅमेरा दिसला की हौसा पदर असा ओढायची, की आल्बमभर नुसता हिरवा पदर हिंडतोय.)

आणि फोटो हवा होता तो काही पाहुण्यांना दाखवायला नाही. हल्ली पहाटे नाना डोळे मिटून पडायचे, तर हौसाचा आवाज यायचा, बांगड्या यायच्या, ओरडणंसुद्धा यायचं. तोंड काही येत नव्हतं. पुसट होत चाललं होतं. हे कुणाला सांगणार? बायकोचं तोंड विसरलो, असं सांगायचं तर आपलं तोंड कुठे लपवायचं?

सून विनिता म्हणाली, "नाना, सरकारात कुठं तरी असंलच आईंचा फोटो. आता समदं कंप्युटरवर चढवलंय. नाव सांगायचं, काढून देतात."

नाव सांगायचं, हीच तर पंचाईत. हौसाने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा पदर तोंडात कोंबून हसत बसली, ती बसलीच. नानाही तिला "आयकलं का" म्हणायचे. ती गेल्यावरही जीभ वळेना. शेवटी विनिताने चिठ्ठी लिहून दिली, ती खिशात घालून नाना भिवंडीच्या रिक्षात बसले.

पहिले गेले दवाखान्यात, जिथे हौसा शेवटचे दिवस होती. तिथल्या क्लार्कने चिठ्ठी बघून कंप्युटर बडवला. "या नावाचं कोणी अ‍ॅडमिट नव्हतं."

"नव्हतं कसं? मीच आणली व्हती."

"भरती करताना नाव काय सांगितलं होतं?"

नानांना आठवलं आणि कान तापले. खालच्या आवाजात म्हणाले, "भावेशची आई."

क्लार्कने तसं टाकलं. आणि निघाली की! भावेशची आई, मुक्काम पूर्णा.

"फोटो हाय?"

"आहे. छातीचा."

तो एक्स-रे नानांनी खिडकीच्या उजेडात धरला. बरगड्या सगळ्या जागेवर होत्या. (एवढ्या माणसाला कोण ओळखणार?) पण परत देताना त्यांनी तो बाहीने पुसून दिला.

मग बचतगटाचं ऑफिस. तिथला कंप्युटर वेगळा, त्याची दवाखान्याच्या कंप्युटरशी बोलचाल नाही. तिथे हौसा नाही आणि भावेशची आईही नाही. गटात नावं लिहिणारी बाई निघाली हौसाच्या माहेरची, अकलोलीची. तिने नाव घातलं होतं माहेरचं, गोदू. सासरी येऊन ती हौसा झाली, हे तिच्या गावीच नव्हतं.

"फोटो न्हाय, नाना," तिथली बाई म्हणाली, "अंगठा हाय. बघता?"

नानांनी पडद्यावरचा अंगठा बघितला. विळ्याने कापलेली खूण त्यात आडवी उमटली होती. ती खूण त्यांनी लगेच ओळखली. तोंड मात्र अजून येत नव्हतं.

एकीकडे हाडं, एकीकडे अंगठा. सरकारने बाईचे वाटे करून ठेवले होते, आणि तोंडाचा वाटा कुणाकडे, ते कोणी सांगेना.

उरली तहसील कचेरी, मतदारयादीची. तिथे भावना मॅडम बसायच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, नाव टाकलं. "हौसा काळूराम तरे. आहेत, पण कमी केल्यात. मयत."

"फोटो?"

"आहे ना." मॅडमनी पडदा नानांकडे वळवला.

पडद्यावर मिशा होत्या. वर टोपी.

"मॅडम, ह्यो तं मीच हाय!"

मॅडमनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा नानांकडे. "नाना, ही मयत यादी आहे."

"म्हाईत हाय. पर मी हितं उभा हाय नं!"

"थांबा. आता तुमचं नाव बघू."

"माझं कशाला? मी कुठं हरवलोय?"

पण मॅडमनी टाकलंच. काळूराम तरे, हयात. आणि त्या नावाखाली हौसा! पदर खांद्यावर, तोंड उघडं, हसू ओठात दाबलेलं.

नानांनी पडद्याची कडा धरली. सगळं आठवलं. गावच्या शाळेत ओळखपत्राचे फोटो काढायला आले होते. "काळूराम!" म्हणून पुकारा झाला, पण त्या झगझगीत दिव्याला नाना भ्यायले आणि म्हणाले, "पयली ही बसंल." ती बसली. नवऱ्याची फजिती बघून हसत बसली. मग तिच्या नावाच्या पुकाऱ्याला नाना बसले.

"तुमच्या ओळखपत्रावर हाच असणार," मॅडम हळूच म्हणाल्या. "घरी आहे ना?"

घरी होतं. पेटीत, ज्या पाकिटात आलं त्याच पाकिटात. गावात सगळे ओळखीचे, कार्ड कोण मागतो? सगळं सरकार धुंडाळून झालं होतं, आणि बायको नानांच्याच नावाखाली, नानांच्याच पेटीत बसलेली होती.

कार्ड घेऊन नाना बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले.

"ये मेरी घरवाली हाय. गुजर गयी. बडा करो, हार डालो, नीचे नाम डालो."

"नाम क्या है, चाचा?"

नाव! नानांनी घसा साफ केला. "कार्डपे लिखेला हाय नं!"

फोटोवाला परमुलखातला. इथल्या बायकांची नावं काय असतात, त्याला काय ठाऊक?

श्राद्धाच्या सकाळी नानांनी फ्रेम स्वतः टांगली आणि ऐटीत खाली बसले. अकलोलीहून हौसाची धाकटी बहीण चंद्रा आली. फोटो बघून तिने डोळ्यांना पदर लावला. "आक्का अशीच हसायची. दाजी, तुमचा फोटो तिच्या कार्डावर आला, ह्ये तिला ठावं व्हतं. मला बोल्ली, 'कुणाला सांगू नको, बदलून मागतील. मी न्हाय द्यायची.' कार्ड कमरंच्या पानाच्या पिशवीत ठेवायची."

ती पानाची पिशवी नानांनी आपल्या हाताने हौसाबरोबर चितेवर ठेवली होती.

तेवढ्यात विनिता ताट घेऊन आली, फ्रेमखालचं वाचलं आणि जागीच थांबली. "नाना, ह्ये काय लिवलंय? कैलासवासी काळूराम तरे!"

खोलीत कुणाला हसावं कळेना, रडावं कळेना. विनिता म्हणाली, "काढा. मी बदलून आणते."

"ऱ्हाऊ दे." नाना वर बघत राहिले. "जन्मात माझं नाव घेतलं न्हाय तिनं. आज घेतलंय. घेतलं तेबी मला आधी मारून!"

फ्रेम राहिली. पहिलं पान त्या दिवशी फ्रेमपुढे मांडलं गेलं, म्हणजे कैलासवासी काळूराम तरे यांना. हयात काळूराम शेवटच्या पंगतीला बसले, तोवर वडे संपले होते.