तात्यांचं झाकण

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात, खिशातून एक स्टीलचं झाकण काढतात आणि तिथल्या एकेका बरणीवर फिरवून बघतात. ते कुठेच बसत नाही. मग "आटे वेगळे" म्हणून झाकण परत खिशात टाकतात आणि चहा मागतात.

मी त्यांची भाडेकरू. नांदगाव तालुक्यातून शिकायला आलेली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्या साखरेच्या बरणीवर झाकण फिरवणारे घरमालक पाहिले, तेव्हा शहरात अशीच पद्धत असेल असं मला वाटलं.

तात्या सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. सगळं जग ते आट्यांवरून समजून घेतात. शेजारचं नवरा-बायकोचं भांडण ऐकू आलं की शांतपणे म्हणतात, "पिच चुकलाय," म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर जुळत नाही. एकदा माझ्याकडून नळाची तोटी तिरकी बसली, तर म्हणाले, "पोरी, आधी उलटं फिरवायचं. टक् झालं की सुलटं. घाई केली की आटे मरतात."

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "द्वारकेपलीकडे आपलं काही काम नाही." द्वारका म्हणजे नाशिकमधला गजबजलेला चौक. त्यापलीकडे नाशिक रोडला लग्न असो की बारसं, तात्या द्वारकेच्या पुढे जायचे नाहीत. तिथल्या ट्रॅफिकला घाबरत असतील, असं मी धरून चालले होते.

परीक्षेआधी मी ओट्यावर बसून नव्या प्रजाती कशा तयार होतात तो धडा मोठ्याने वाचत होते. तात्या म्हणाले, नीट समजावून सांग. मी सांगितलं, की एकाच जातीच्या प्राण्यांच्या मधे डोंगर किंवा नदी आली की दोन गट वेगळे पडतात. दोघंही आपापल्या बाजूला हळूहळू बदलत जातात. पुढे कधी भेटले तरी एकाची हाक दुसऱ्याला ओळखू येत नाही, विणीचे दिवस जुळत नाहीत, किंवा जुळले तरी खेचरासारखी पुढे वंश न चालवणारी पिल्लं होतात. मग त्या दोन प्रजाती.

तात्यांनी आतून दोन बोल्ट आणले. एक इंची, एक मिलिमीटरचा. मला तर सारखेच दिसले. एकाच नटात दोन्ही दोन फेरे गेले, मग एक अडकला.

"असंच ना?"

"असंच."

"मग तो दोन फेरे तरी का गेला?"

वाघ आणि सिंह पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर पिल्लं होतात, हे मी उगाच सांगून बसले.

"मग ते एक का दोन?"

"दोन. बहुतेक."

"पुस्तकात बहुतेक लिहिलंय?"

पुस्तकात प्रजातीच्या व्याख्याच तीन होत्या. मी पुस्तक मिटलं. तात्यांनी अडकलेला बोल्ट सोडवला.

"मधला डोंगर काढला तर?"

"लवकर काढला तर मिसळतात. फार उशीर झाला तर नाही."

"नऊ वर्षं म्हणजे उशीर का?"

मला हसू आलं. म्हटलं, हजारो पिढ्या जाव्या लागतात तात्या, नऊ वर्षांत काय होतंय. तात्या हसले नाहीत.

पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल. द्वारकेपलीकडे जायचंय."

रिक्षात त्यांनी थोडं थोडं सांगितलं. मुलगी, सुनंदा. तिने नऊ वर्षांपूर्वी आपल्या मनाने लग्न केलं आणि तात्यांनी तिला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. निघताना आईने तिला लोणच्याची बरणी दिली. ती बरणी तात्यांनीच लेथवर बनवलेली, आटे स्वतः कातलेले. गडबडीत झाकण मागे राहिलं. पुढे आईही वारली.

"म्हणजे ते दुसरीकडे कुठेच बसणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग लावून का बघता?"

"नाही बसलं की बरं वाटतं."

सुनंदाताईंनी दार उघडलं. तात्या सवयीने सरळ स्वयंपाकघरात गेले. फळीवर ती बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. त्यांनी फडकं सोडलं, झाकण ठेवलं आणि फिरवलं. दोन फेरे गेलं आणि अडकलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सुनंदाताईंनी बरणी त्यांच्या हातातून घेतली.

"तात्या, आधी उलटं फिरवायचं ना."

टक् असा आवाज झाला. मग सुलटं फिरवायला त्यांनी बरणी परत तात्यांच्या हातात दिली.